गुणाचं लेकरू

आशाबाईनं मोरीत बसून तिन्ही दुपटी उलगडली, उलटीपालटी करून पाहिली, नाकाशी नेली. कोरडी. काल दुपारपासूनची तीन दुपटी आणि तिन्ही कोरडी. एकावर तेवढा बोटाएवढा डाग होता, विटेच्या भुकटीसारखा लालसर. तो तिनं अंगठ्यानं चोळून पाहिला.

अशी दुपटी तिनं आधीही धुतली होती. धुतली कसली, नुसती पाण्यातून काढली होती. तेहेतीस वर्षं झाली त्याला.

ओसरीत तिची सासू अन्नपूर्णाबाई वरवंट्याला हळदकुंकू लावत बसली होती. आज पणतवाची पाचवी. संध्याकाळी गल्लीतल्या बाया येणार, सटवाईची पूजा होणार, देवी पोराच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाणार. म्हातारी ऐंशीला टेकलेली, एरवी उठता-बसता हाय हाय करणारी. पण आज तिच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं.

"काय गुणाचं लेकरू हाये बापा!" खाटेवर पेपर वाचत पडलेल्या मुलाला, उकंडरावाला, ती सांगत होती. "पाचवा दिस लागला, आवाज म्हून नाही. नाही तं आजकालचे पोट्टे, जन्मल्याबरोबर भोंगा लावतात."

"हाव ना," उकंडराव पेपरातूनच म्हणाला.

गुणाचं लेकरू! आशाबाईनं पदराला हात पुसले आणि ती बाळंतिणीच्या खोलीत गेली.

खोलीत पाऊल टाकलं की घाम फुटत होता. खिडकीला गोधडी ठोकलेली, कोपऱ्यात शेगडी, ओव्याचा धूर. पुष्पांजली भिंतीला टेकून बसली होती, डोळे तारवटलेले. देऊळगाव राजाची पोर. तिची आई दोन वर्षांमागं गेली म्हणून पहिलं बाळंतपण सासरी आलं. नांदुऱ्याच्या दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आणलं तेव्हापासून ती अन्नपूर्णाबाईच्या ताब्यात होती. तिच्या शेजारी ते बोचकं. अंगात झबलं, डोक्याला टोपडं, वर दुपटं, त्यावर लुगड्याची घडी, त्यावर शाल. त्यातून वाटाण्याएवढं नाक तेवढं दिसत होतं.

"पाजलं का?" आशाबाईनं विचारलं.

"पहाटे पाजलं आई. दोन घोट घेतले अन् झोपला."

"पहाटे म्हंजे कवा?"

"चार वाजले असतील."

आता अकरा वाजून गेले होते. पुष्पांजलीच्या गाऊनचा पुढचा भाग ओला होऊन वाळून पुन्हा ओला झाला होता. छाती अशी तटतटलेली की तिला हात खाली घेता येत नव्हते.

"उठव त्याले. पाज."

"आजी नको म्हणाल्या. पाचवी होईपर्यंत झोपलेल्या बाळाला उठवायचं नाही म्हणतात. सटवाई खेळवत असते, उठवलं की तिचा कोप होतो." स्वतःच थोडी ओशाळून ती म्हणाली, "अन् बघा ना, खरंच हसतोय."

पोराच्या ओठाचा कोपरा हलला होता. एवढंसं हसू आलं आणि गेलं. पुष्पांजलीच्या दमलेल्या चेहऱ्यावर केवढं कौतुक पसरलं! आशाबाईनं मान फिरवली. ते हसू तिला पाठ होतं. तिची पोरगीही अशीच हसायची. आठव्या दिवसापर्यंत हसली.

तिनं वाकून शालीची गाठ सोडायला हात घातला.

"आशे! हात काढ."

अन्नपूर्णाबाई दारात उभी होती, बोटं हळदीनं पिवळी.

"आत्याबाई, सात घंटे झाले. लेकरू पेलं नाही. दुपटी कोरडी हायेत."

"कोरडी हायेत तं चांगलंच हाये की. तुले धुवा नाही लागत."

"मुतलं नाही म्हंजे पोटात काही नाही त्याच्या."

"भूक लागली की उठते लेकरू. थ्याले कयते."

"उपाशी लेकराले उठाची ताकद राह्यत नाही, आत्याबाई."

"कोनं सांगतलं तुले?" म्हातारी आत आली. आवाज चढवायची तिला गरजच नव्हती. "मी दोन गमावले अन् मंग हा उकंड्या जगवला. मले शिकवतं? तू सांग, तू पाजून कोनतं जगवलं वं? जिनं पाजलेलं लेकरू जगलं नाही, थे सुनेले पाजाचं शिकवते!"

झालं. मारला नेम. म्हातारीचा नेम कधी चुकतच नसे.

आशाबाईची पहिली मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. नाव ठेवायचंही राहिलं होतं. तीही गुणाची, रडायची नाही, झोपून असायची. उठवायचं नाही असंच तेव्हाही ठरलं होतं आणि एकवीस वर्षांच्या आशाबाईनं ते निमूट ऐकलं होतं. पोरगी गेली त्या दिवशी अन्नपूर्णाबाईनं तिचं दूध वाटीत काढायला लावलं आणि त्यात मुंगी टाकली. मुंगी मेली. दुधात बुडून मुंगी मरणार नाही तर काय पोहून काठाला लागणार? पण सगळ्यांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि माना हलवल्या. आशाचं दूध जहरी आहे. पोरगी त्यानंच गेली. दोन वर्षांनी हर्षल झाला तेव्हा दाराशी शेळी आणून बांधली. आशाबाई स्वयंपाकघरात छातीला फडकं आवळून भाकरी थापायची आणि तिचं पोर शेळीच्या दुधावर वाढत होतं. गावात वाऱ्यासारखी पसरलेली ही गोष्ट सांगायला आजही कुणी कमी करत नव्हतं.

आवाज ऐकून हर्षल आला. एकतीस वर्षांचा बाप्या, मलकापूरला पंपांच्या दुकानात मॅनेजर, हातात मोबाइल. त्यानं आधी आजीकडे पाहिलं, मग आईकडे.

"काय झालं?"

"तुही माय लेकराची झोप मोडून राह्यली. पाचवीच्या दिवशी!"

"हर्षल, लेकरू सुस्त पडलं हाये," आशाबाई म्हणाली. "दवाखान्यातल्या बाईनं काय सांगतलं होतं? दर दोन घंट्यानं पाजाचं म्हनली होती की नाही?"

हर्षल चुळबुळला. सांगितलं होतं हे त्याला आठवत होतं, तोंडावरून कळत होतं. पण लहानपणापासून त्यानं एकच ऐकलं होतं, की आईचं दूध बाधतं. आईला या बाबतीत काही कळतं, हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

"आजचा दिवस जाऊ दे ना आई. संध्याकाळी पाचवी झाली की पाहू."

"संध्याकाळपावतर?"

"आशा," बाहेरून उकंडरावाचा आवाज आला, "कायले तमाशा करतं? बाया येतीन आता."

आणि मग पुष्पांजलीनं ते केलं.  तिनं ते बोचकं उचलून भिंतीच्या बाजूला, आशाबाईच्या हाताला लागणार नाही असं, सरकवलं. म्हणजे तिलाही मुंगीची गोष्ट सांगून झाली होती. सांगणारणीनं वेळ म्हणून दवडला नव्हता. आशाबाईला वाटलं, कानाखाली मारली असती तरी चाललं असतं.

ती परसात गेली, सीताफळाच्या झाडाखाली उभी राहिली आणि तिनं उपकेंद्राच्या नर्सला, मंजुश्री सिस्टरला, फोन लावला. सिस्टर दुसऱ्या गावात लसी द्यायला गेली होती. मागं पोरांचा कल्ला चालला होता.

"काकू, लघवी किती वेळा केली?"

"काल दुपारपासून एक डाग. लालसर."

पलीकडचा कल्ला दूर गेला. सिस्टर कल्ल्यातून बाजूला झाली असावी.

"अंग पिवळं दिसते का? डोळे?"

"खोलीत अंधार करून ठेवला हाये. दिसत नाही."

"उजेडात न्या आधी. अन् कपडे काढा सगळे. असं गुंडाळून शेगडीपाशी ठेवलं तं लेकरू झोपतच राहीन. उघडं करा, आईच्या अंगावर टाका. तळपायाले टिचक्या मारा, ओल्या फडक्यानं तोंड पुसा. छाती दगड झाली असन तं आधी हातानं थोडं दूध काढा, नाही तं त्याच्या तोंडात धरल्याच जात नाही. पेता पेता झोपन, पुन्हा उठवा. नाहीच घेतलं तं वाटीत काढा, चमच्यानं पाजा. अन् पाजलं की दवाखान्यात घेऊन निघा. मी येतो, पण मले घंटा लागीन. माही वाट नका पाहू काकू."

"घरातले ऐकत नाहीत वं बाई."

"मंग नका विचारू त्याइले."

नका विचारू. एवढं साधं! या घरात येऊन चौतीस वर्षं झाली, तिनं मीठ टाकतानाही विचारलं होतं.

आशाबाई खोलीत गेली तेव्हा पुष्पांजलीचा डोळा लागला होता. तिनं बोचकं उचललं आणि सरळ उंबरा ओलांडून अंगणात आणलं. पाचवीच्या आत लेकरू उंबऱ्याबाहेर! ओसरीतून अन्नपूर्णाबाई किंचाळली. उकंडराव चष्मा हातात धरून धडपडत उठला. आशाबाई उन्हात पायरीवर बसली, मांडी घातली आणि एकेक पदर सोडू लागली. शाल, लुगडं, दुपटं, झबलं. पोर आतून घामेजलेलं होतं, कोंबडीच्या पिलासारखं मऊ आणि ढिलं. हात उचलला की तसाच खाली पडत होता.

आणि पिवळं होतं. कपाळ, छाती, पोट, पार मांड्यांपर्यंत पिवळं.

"ठेव थ्याले आत!" म्हातारी म्हणाली. "पिवयं काय पाह्यतं? मीच मालिश केली. सायीत हयद कालवून लावली. तीन दिस झाले लावून राह्यली."

"हो ना आई, हळदीचंच आहे ते," हर्षल म्हणाला. सुटका झाल्यासारखा.

घरातल्या सगळ्यांना ते पिवळं दिसत होतं, आणि सगळ्यांना त्याचं कारण माहीत होतं.  आशाबाईनं रांजणातलं पाणी घेतलं, पदराचं टोक भिजवलं आणि पोराचं पोट पुसलं. एकदा, दोनदा, जोर लावून तिसऱ्यांदा. पदराला थोडी हळद लागली. पोट तसंच राहिलं. मग तिनं अंगठ्यानं त्याची पापणी वर केली.

"डोयात बी हयद लावली का, आत्याबाई?"



उकंडराव पुढं आला. "आशा, दे इकडे. मी सांगून राह्यलो तुले."

"तुमी तुमच्या पोरीले नऊ दिवसांत हात लावला नव्हता," आशाबाई म्हणाली. "आता याले बी नका लावू. सरका, ऊन अडवून राह्यले."

तो सरकला. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. चौतीस वर्षांत बायको असं बोललीच नव्हती, तेव्हा असं बोलल्यावर काय करायचं हे त्यालाही माहीत नसणार.

दारात पुष्पांजली उभी होती, चौकट धरून. तिनं उन्हात आपलं पोर पाहिलं. खोलीच्या अंधारात तीन दिवस मांडीवर घेतलेलं पोर तिनं पहिल्यांदा पाहिलं म्हणा ना.

"आई," ती म्हणाली, "काय करू मी? सांगा."

"ये. बस अठी."

टाके सांभाळत ती पायरीवर बसली. गाऊनची बटणं तिनं सगळ्यांसमोर काढली. उकंडराव खाकरला आणि फाटकाबाहेर गेला. आशाबाईनं तिची छाती आधी कोमट फडक्यानं शेकली, मग दोन बोटांनी दाबून दूध काढलं. पुष्पांजली कळवळली, दातांत ओठ धरला, पण हात झटकला नाही. पहिली धार अंगणात पडली. मग उघडं पोर तिच्या उघड्या अंगावर ठेवलं.

ते झोपलेलंच. ओठाला बोंड लावलं, ओठ हललेसुद्धा नाहीत. तळपायाला टिचकी मारली. काही नाही. दुसरी. तिसरी. पाय तेवढा आखडला.

"हळू आई, लागेल त्याला."

"लागू दे."

आशाबाईनं गार पाण्याचं फडकं त्याच्या कपाळावरून, कानामागून, मानेवरून फिरवलं आणि सणसणीत टिचकी मारली. पोराचं तोंड वाकडं झालं. लाल झालं. आणि मग पाच दिवसांत पहिल्यांदा त्या घरानं त्याचा आवाज ऐकला. बारीक, चिरका, मांजराच्या पिल्लासारखा, पण रडला. रडायला तोंड उघडलं तसं आशाबाईनं त्याची मान धरून तोंड छातीवर दाबलं.

"धरलं?"

"धरलं, धरलं आई!"

चार घोट घेतले आणि पुन्हा डोळे मिटले. पुन्हा टिचकी, पुन्हा फडकं. आशाबाई वरून छाती दाबत होती, की धार आपोआप तोंडात जावी. पाच घोट. सात. गिळल्याचा आवाज येऊ लागला, गुटुक गुटुक. हर्षल दोन पायऱ्या खाली उकिडवा बसून पोराचा तळपाय हातात धरून होता; कुणी सांगितलं नव्हतं, पण झोपलं की तोच आता टिचकी मारत होता. मोबाइल कुठं टाकला होता कुणास ठाऊक. अर्धा तास तिघं त्या पायरीवर होते. शेवटी पोरानं आपण होऊन तोंड सोडलं, आणि हनुवटीवरून एक थेंब ओघळला.

अर्धा तास. एक ओलं फडकं आणि चार टिचक्या. आशाबाईनं हातातलं फडकं पिळलं आणि पिळतच राहिली. इतकंच करायचं होतं? इतक्यानं झालं असतं?

"गाडी काढतो," हर्षल म्हणाला. "नांदुऱ्याले जाऊ. आई, तूही चल." आईकडे सरळ पाहणं त्याला जमत नव्हतं.

दुपटी, वाटी-चमचा आणि पुष्पांजलीचे कपडे पिशवीत भरायला आशाबाई आत गेली. परत येताना ओसरीत अन्नपूर्णाबाई वरवंट्यापाशीच बसलेली दिसली. पूजेचं सगळं मांडून झालं होतं. कोरा कागद, पेन, विळा. म्हातारी त्याच्याकडे पाहत नव्हती.

"उकंड्या रडका होता," ती म्हणाली.

आशाबाई थांबली.

"लई रडका. दिवसरात रडे. गल्लीले झोपू दिलं नाही त्यानं. माही सासू म्हने, काय दुष्ट लेकरू जन्माले आलं. रडे म्हून मी त्याले घेऊ, छातीले लावू. घंट्या-घंट्याले." म्हातारीनं नाक पुसलं. "लोक म्हनतात उकिरड्यावर लोयवला, उकंड्या नाव ठेवलं, म्हून जगला. तसं नाही. रडला म्हून जगला. पह्यले दोन गुनाचे होते."

"हे तुमाले कवा समजलं?"

"तो पाच-सहा महिन्याचा असन. एक दिवस पाजता पाजताच समजलं."

आशाबाईनं मनातल्या मनात वर्षं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. मोजायचं काय त्यात! तिची पोरगी जन्मली तेव्हा उकंडराव चांगला मिशा फुटलेला बाप्या होता.

"म्हंजे माह्या पोरीच्या येळी तुमाले मालूम होतं."

म्हातारीनं विळा सरळ केला.

"आत्याबाई, मालूम होतं का नव्हतं?"

"होतं."

"मंग मले काऊन नाही सांगतलं? उठव म्हनून एक शब्द. मी तं तुमी सांगान तेच करत होती. उलट दूध काढाले लावलं, मुंगी टाकली. काऊन?"

बाहेर हर्षलनं हॉर्न वाजवला. अन्नपूर्णाबाईनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर कदाचित बरं झालं असतं.

"तुले उठव म्हनलं असतं," ती म्हणाली, "अन् तुही पोरगी जगली असती, तं मंग माह्ये दोन मीच मारले, असं झालं असतं."

 राग यावा, पायाशी मांडलेलं ते सगळं लाथेनं उडवावं, असं आशाबाईला वाटलं. पण तिनं पाय मागं घेतला. आपल्या तीस-तेहेतीस वर्षांचं काय झालं ते शेवटी इतक्या शांतपणे कळावं, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"मंग माही धरून तीन झाले, आत्याबाई," ती म्हणाली आणि पिशवी उचलून बाहेर पडली.

फाटकाशी उकंडराव उभा होता. काहीतरी विचारायला त्यानं तोंड उघडलं. ती त्याच्या बाजूनं निघून गेली आणि मागच्या सीटवर पुष्पांजलीशेजारी बसली. गाडी हलली.

"आई, परत झोपला तो," पुष्पांजली घाबरून म्हणाली.

"उठव त्याले. रडू दे."

पुष्पांजलीनं दुपटं बाजूला केलं आणि त्याच्या तळपायाला टिचकी मारली. पोरानं भोकाड पसरलं. गल्लीतल्या बाया ओट्यांवर आल्या, काय झालं म्हणून वाकून पाहू लागल्या. हर्षल काच वर करायला लागला तर आशाबाईनं त्याला नको म्हटलं.